बाबासाहेबांचे आजारपण आणि आपल्या घरातील इन्सुलिन

वाचकहो, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण ऐकले आहे. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिर, येवल्याची घोषणा, राज्यघटना, नागपूरची दीक्षाभूमी हे सारे आपल्या लेकरांनाही तोंडपाठ आहे. परंतु या चरित्रातील एक पान आपण फारसे उघडत नाही. ते पान त्यांच्या मधुमेहाचे आहे. आपल्यातील काही वक्त्यांना तर बाबासाहेब आजारी होते हे सांगायलाच संकोच वाटतो. महापुरुष थकलेला, पाय दुखणारा, रात्री झोप न लागणारा असा दाखवला तर त्यांचे मोठेपण कमी होईल असे त्यांना वाटत असावे. मला तसे वाटत नाही. तुमच्या घरात आई, वडील किंवा सासरे दहा-बारा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या खात असतील आणि आता डॉक्टरांनी इन्सुलिनची सुई सांगितली म्हणून घर घाबरून गेले असेल, तर हे पान तुम्ही मुद्दाम वाचावे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या या मुलाने शरीराचे लाड कधीच केले नाहीत. लहानपणीच आई गेली. परळच्या चाळीत जागा अपुरी, म्हणून वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवीत आणि मध्यरात्रीनंतर अभ्यासासाठी उठवीत. १९१२ साली बी. ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील वारले आणि त्याच वर्षी बाबासाहेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. अपुरी झोप आणि अवेळी जेवण ही जी सवय तेव्हा लागली ती शेवटपर्यंत सुटली नाही.

१९२० साली ते दुसऱ्यांदा लंडनला गेले. जवळ पैसा थोडा. सकाळच्या न्याहारीला चहा आणि पावाचा तुकडा, दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, आणि रात्री भुकेने जीव कासावीस झाला की भाजलेले चार पापड व वर कढत पेयाचा पेला. अशा पोटाने त्यांनी १९२१ साली एम. एस्सी. आणि १९२३ साली डी. एस्सी. मिळविली. बॅरिस्टरही झाले.

आता पाहा, याच काळात समुद्रापलीकडे कॅनडातील टोरांटो शहरात काय चालले होते. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग नावाचा तरुण शल्यचिकित्सक आणि चार्ल्स बेस्ट नावाचा विद्यार्थी प्राध्यापक मॅक्लाउड यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांच्या स्वादुपिंडावर प्रयोग करीत होते. त्यांनी काढलेला अर्क जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिली सुई टोचली. अर्क अशुद्ध होता, तिचा फारसा उपयोग झाला नाही. २३ जानेवारीला शुद्ध अर्क दिला आणि मरणाच्या दारातला तो मुलगा सावरला. पुढे तो तेरा वर्षे जगला. त्यापूर्वी अशा मुलांना उपाशी ठेवून मरण थोडे लांबविणे एवढाच उपाय वैद्यकाजवळ होता. बँटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपला हक्क विद्यापीठाला प्रत्येकी एक डॉलरला देऊन टाकला. औषध गरिबांपर्यंत जावे ही त्यामागची भावना होती. लंडनच्या ग्रंथालयात उपाशी बसलेल्या त्या विद्यार्थ्याला तेव्हा काय ठाऊक, की पंचवीस वर्षांनी हेच औषध त्याच्या दंडात रोज टोचले जाणार आहे!

पुढची वीस वर्षे तुम्ही जाणताच. १९२७ साली महाड, १९३० साली नाशिक, मग तीन गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार. याच वर्षांत घरात मरणे होत गेली. पाच अपत्यांपैकी चार गेली, एकटे यशवंतराव राहिले. २७ मे १९३५ रोजी माता रमाईंचे निधन झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याची घोषणा झाली. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. दारू नाही, विडी-सिगारेट नाही. परंतु व्यायामही नाही, विश्रांतीही नाही. तासन् तास खुर्चीत बसून वाचन-लेखन, आणि जेवणाची वेळ ग्रंथ ठरवणार!

अशा शरीरात मधुमेह केव्हा शिरतो ते कळत नाही. हा रोग दोन प्रकारचा आहे. एकात, बहुधा कोवळ्या वयात, स्वादुपिंड इन्सुलिन तयार करणेच जवळजवळ थांबवते. दुसरा प्रकार प्रौढ वयात येतो, आणि आपल्या घराघरांतून दिसतो तो हाच. त्यात इन्सुलिन तयार होते, पण शरीर त्याला दाद देत नाही. मग स्वादुपिंड दुप्पट राबते. वर्षानुवर्षे दोन पाळ्या करणाऱ्या गिरणी कामगाराचे जे होते तेच त्याचे होते. ते थकते. प्रौढ वयात जडलेला बाबासाहेबांचा मधुमेह या दुसऱ्याच प्रकारात बसतो.

त्या काळी उपचार काय होते हेही समजून घ्या. आज आपण ज्या गोळ्या घेतो त्या १९४७ साली नव्हत्या. त्या साधारणपणे १९५५ नंतर वापरात आल्या. तेव्हा पथ्य आणि इन्सुलिन, एवढेच. घरच्या घरी रक्त तपासण्याचे यंत्र नव्हते. काचेच्या नळीत बेनेडिक्टचे निळे द्रावण घेऊन त्यात लघवीचे थेंब टाकायचे आणि दिव्यावर तापवायचे. निळे राहिले तर ठीक, हिरवे झाले तर थोडी साखर, पिवळे झाले तर जास्त, आणि विटेसारखे लाल झाले तर फार. सुई जाड, पिचकारी काचेची, प्रत्येक वेळी उकळून घ्यायची. इन्सुलिन बैल आणि डुकराच्या स्वादुपिंडातून काढलेले. आजची सुई केसासारखी बारीक असते आणि आजचे इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टकडून तयार करवून घेतात. हे मुद्दाम सांगतो, कारण या औषधात प्राण्याची हिंसा आहे का असे काही उपासक विचारतात.

ऑगस्ट १९४७ मध्ये बाबासाहेब घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. समितीत सात जण. कुणी राजीनामा दिला, कुणी वारले, कुणी परदेशी होते, कुणी दिल्लीपासून दूर. बहुतेक भार एका माणसावर पडला, हे पुढे टी. टी. कृष्णम्माचारींनी घटना समितीतच सांगितले. १९४८ च्या फेब्रुवारीत मसुदा अध्यक्षांच्या हाती गेला. ज्या महिन्यांत देशाचा पायाभूत कायदा कलमाकलमाने उतरत होता, त्याच महिन्यांत तो लिहिणाऱ्याची प्रकृती खचत होती. रात्र झाली की पायांत असह्य कळा सुरू होत. दिवसामागून दिवस झोप नाही. इन्सुलिन चालू होते, होमिओपॅथीची औषधेही चालू होती. पायांचे हे दुखणे त्या काळी मज्जातंतूंचा दाह म्हणून ओळखले जाई. आजचे डॉक्टर अशी लक्षणे पाहिली की प्रथम मधुमेहाचाच संशय घेतात. रक्तातील साखर अनेक वर्षे चढी राहिली की बारीक मज्जातंतू सुकत जातात. पायात आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखे होणे, आणि हे सारे रात्री अधिक. घरातील म्हातारे माणूस रात्री पाय चोळत बसते तेव्हा वय झाले असे म्हणून सोडून देऊ नका.

उपचारासाठी बाबासाहेब मुंबईला डॉ. मालवणकरांकडे येत. तेथे डॉ. शारदा कबीर काम करीत होत्या. १९३७ साली ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेतलेल्या या डॉक्टर बाईंची आणि त्यांची ओळख आधी विलेपार्ले येथे डॉ. राव यांच्या घरी झाली होती. रमाईंच्या मागे पुन्हा लग्न करायचे नाही असा बाबासाहेबांचा निश्चय होता. परंतु आता रात्रंदिवस कुणीतरी जवळ हवे, सुई वेळेवर द्यायला हवी, ताटात काय पडते ते पाहायला हवे, असे डॉक्टरांचे म्हणणे पडले. परक्या स्त्रीला पगारावर परिचारिका म्हणून घरी ठेवण्याने लोक बोलतील, याचाही त्यांनी विचार केला. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत हार्डिंग अव्हेन्यूवरील निवासस्थानी नोंदणी पद्धतीने विवाह झाला. डॉ. शारदा कबीर यांच्या सविता आंबेडकर झाल्या, आपल्या माईसाहेब. त्यांच्याविषयी समाजात पुढे पुष्कळ संशय बोलले गेले. सरकारी चौकशीने बाबासाहेबांचे निधन नैसर्गिक ठरविले. त्या वादात इथे शिरायचे नाही. एवढे मात्र खरे, की लग्नानंतरच्या आठ वर्षांत घटना पुरी झाली, हिंदू कोड बिल लढले गेले, धम्मग्रंथ लिहिला गेला आणि नागपूर घडले.

म्हणून विचारतो, इन्सुलिन सुरू झाले म्हणजे माणूस संपला असे तुम्हाला कुणी सांगितले? इन्सुलिन सुरू असतानाच बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला मसुदा सभेपुढे ठेवला, वर्षभर कलमामागून कलमाला उत्तरे दिली, आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी ३९५ कलमांची घटना देशाने स्वीकारली.

आपल्या वस्त्यांत या सुईविषयी काय काय बोलले जाते ते आपण जाणतो. म्हणे ही शेवटची पायरी, म्हणे सवय लागते, म्हणे सुई घेऊन अमक्याचा पाय कापला. पाय कापला तो सुईने नव्हे. सुई दहा वर्षे उशिरा सुरू झाली आणि तोवर साखरेने आपले काम केले होते. ब्रिटनमध्ये हजारो रुग्णांवर चाललेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. साखर आटोक्यात ठेवली तर डोळे आणि मूत्रपिंड यांची हानी कमी होते असे त्यात दिसले. त्याच अभ्यासाने आणखी एक गोष्ट दाखविली. पथ्य असो वा गोळ्या, वर्षे उलटतात तसतसे स्वादुपिंड मागे पडत जाते आणि साखर पुन्हा वर येते. तेव्हा सुई लागली म्हणून त्या माणसाला अपराधी ठरवू नका. गोड खाल्लेस म्हणून भोग, असे सुनेने सासूला किंवा लेकाने बापाला म्हणू नये. मागच्या जन्मीचे पाप हा विचार तर आपण दीक्षाभूमीवर टाकून आलो आहोत. नवस, गंडा, अंगारा, कडू काढ्याची बाटली देणारा बाबा, यांच्यापायी सहा महिने गेले तर ते सहा महिने डोळ्यांच्या पडद्यावर आणि मूत्रपिंडावर उमटतात.

बाबासाहेबांनी स्वतः मात्र शरीराकडे पुरते लक्ष दिले का? नाही दिले, आणि हे लिहायला मला भीती वाटत नाही. ऑगस्ट १९५१ मध्ये त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिले. प्रकृतीविषयी आपल्याला आणि डॉक्टरांना काळजी वाटते, दीर्घ उपचारासाठी डॉक्टरांच्या स्वाधीन होण्यापूर्वी हिंदू कोड बिल मार्गी लागावे, असा त्या पत्राचा आशय होता. स्त्रियांच्या हक्काचा कायदा आधी, स्वतःचा उपचार मागाहून! बिल पुढे सरकले नाही. २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपद सोडले आणि ते अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या बंगल्यात राहायला गेले. १९५२ ची लोकसभा निवडणूक हरले, राज्यसभेत गेले. त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट देऊन गौरविले.

या वर्षांत एका बाजूला शरीर उतरत होते आणि दुसऱ्या बाजूला धम्माचे काम चढत होते. दृष्टी मंदावली. आधाराशिवाय चालणे कठीण झाले. तरी १९५४ च्या डिसेंबरात ते रंगूनच्या बौद्ध परिषदेला गेले आणि परत येऊन २५ डिसेंबरला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. १९५५ साली भारतीय बौद्ध महासभा स्थापन झाली. रात्री टेबलावर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाची पाने वाढत होती. नानकचंद रत्तू हे त्यांचे चिटणीस दिवसाची नोकरी करून संध्याकाळी येत, टंकलेखन करीत, आणि साहेबांचे पायही चेपीत.

१४ ऑक्टोबर १९५६. तुमच्यापैकी कुणाचे आजोबा-आजी त्या दिवशी नागपुरात असतील. पांढरे रेशमी धोतर, पांढरा कोट, एका हातात काठी आणि दुसरा हात आधारासाठी खांद्यावर, असे बाबासाहेब व्यासपीठावर आले. वृद्ध भदंत चंद्रमणी महास्थवीरांकडून त्यांनी व माईसाहेबांनी त्रिशरण-पंचशील घेतले. मग त्याच दुखऱ्या पायांवर उभे राहून त्यांनी लाखोंच्या समुदायाला बावीस प्रतिज्ञा दिल्या. दुसऱ्या दिवशी प्रदीर्घ भाषण केले आणि १६ तारखेला चंद्रपूरला पुन्हा दीक्षा दिली.

त्या प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. इन्सुलिन घेणाऱ्याने ती दुप्पट सांभाळावी. उपाशीपोटी दारू आणि वर इन्सुलिन यांनी रक्तातील साखर एकाएकी घसरते, आणि बेशुद्ध पडलेला माणूस प्यायला आहे असे समजून लोक त्याला तसाच पडू देतात. दुसरी गोष्ट उपोसथाची. पौर्णिमेला अष्टशील घेऊन दुपारनंतर न जेवण्याचा प्रघात आपल्याकडे वाढतो आहे. चांगले आहे. परंतु इन्सुलिन घेऊन जेवण टाळणे हा धोका आहे. आजारी भिक्षूंना विनयातही सवलती आहेत. अतिसाराने घाणीत पडलेल्या एका भिक्षूला भगवंतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः आंघोळ घातली आणि भिक्षूंनी एकमेकांची शुश्रूषा केली पाहिजे असा दंडक घातला. आजाऱ्याने उपाशी राहावे असे तो शास्ता कसे सांगेल? आधी डॉक्टरांना विचारा, मग अष्टशील घ्या.

सहा डिसेंबरला दादरला येणाऱ्यांसाठीही दोन शब्द. रांगेत आठ-दहा तास जातात. इन्सुलिन घेणारे वडीलधारे बरोबर असतील तर पिशवीत भाकरी, बिस्किटे आणि साखरेची पुडी हवीच. घाम सुटणे, हात थरथरणे, एकदम भूक, असंबद्ध बोलणे ही साखर घसरल्याची खूण. लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, सरळ वैद्यकीय मदत केंद्रावर न्या. पायात चप्पल ठेवायला लावा, कारण बधिर तळव्याला खडा रुतलेला कळत नाही. घरी आल्यावर तळवे उजेडात पाहा.

घरात सुई सुरू करायची झाली तर बहुतेक डॉक्टर रात्रीच्या एका लहान मात्रेने आरंभ करतात आणि सकाळची उपाशीपोटीची साखर पाहून ती हळूहळू वाढवितात. पोटावर किंवा मांडीवर टोचावी, रोज जागा थोडी बदलावी. आपल्याकडे बाटल्या दोन ताकदीच्या मिळतात, चाळीसच्या आणि शंभरच्या. चाळीसच्या बाटलीला लाल टोपणाची चाळीसचीच पिचकारी हवी. अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पट इकडेतिकडे होते. दुकानातून आणताना शाळेत जाणाऱ्या मुलाकडून बाटलीवरचा आकडा वाचून घ्या. घरात शिक्षण आले त्याचा एक उपयोग हाही आहे. शीतकपाट नसेल तर मातीच्या मडक्यात थंडाव्याला ठेवलेली बाटलीही टिकते. बर्फात मात्र ठेवू नये. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे वापरावी.

नागपूरनंतर बाबासाहेबांना जेमतेम सात आठवडे मिळाले. नोव्हेंबरात ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले आणि बुद्ध व कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. येताना काशी आणि कुशीनारा केले. ३० नोव्हेंबरला दिल्लीत परतले ते अगदी थकून. ५ डिसेंबरच्या रात्री रत्तूंनी नेहमीप्रमाणे पाय चेपले. ग्रंथाची प्रस्तावना व उपोद्घात पुन्हा एकदा नजरेखालून घालावा म्हणून बाबासाहेबांनी ते कागद पलंगाजवळच्या मेजावर ठेवून घेतले. त्या रात्री झोपेतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. वय ६५.

ग्रंथ १९५७ साली छापला गेला. त्यासाठी १९५६ च्या मार्चमध्ये लिहिलेली प्रस्तावना मात्र त्यात आली नाही, ती बऱ्याच वर्षांनी लोकांपुढे आली. हे लिखाण सुरू केले तेव्हाही आपण आजारी होतो आणि आजही आहोत, मधल्या पाच वर्षांत प्रकृती अनेकदा खालीवर झाली, एकदा तर डॉक्टरांनी आपल्याला विझू घातलेला दिवाच ठरविले होते, असे बाबासाहेबांनी तिथे नमूद केले आहे. तो दिवा पुन्हा तेवता ठेवल्याचे श्रेय त्यांनी आपल्या पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्याला दिले आहे.